साय, खरवड आणि कचकच

२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे जे काय असेल ते. फोन तू उचलत नाहीस, ईमेल उघडतेस की नाही देव जाणे, म्हणून कागद. कागद फेकायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात आलेलं काही न वाचता तू टाकणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारी बाई तू.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. माफी कोणी मागायची ह्यावर आपलं एकमत व्हायचं नाही, तेव्हा तो विषय बाजूला. तीन वर्षांपूर्वी माझं व्याख्यान संपल्यावर भरल्या सभागृहात तू हात वर केलास आणि विचारलंस, "बाई, हा दगड तुम्ही चाखलाय का?" बाई! सख्ख्या बहिणीला! अख्खं सभागृह हसलं. मी माइकमध्ये "पुढचा प्रश्न" म्हणाले. एवढंच झालं. त्या दोन शब्दांवर तू तीन वर्षं तोंड फुगवून बसलीस. मीही बसले म्हणा, पण माझ्याकडे कारण होतं.

असो. कामाचं बोलते. मला तुझे दगड हवेत.

आईने तुला माझ्या कामाबद्दल काय काय सांगितलं असेल त्याची कल्पना करवत नाही, म्हणून मीच सांगते. आमची मंगळावरची गाडी, तिला आम्ही सगळे गोगलगाय म्हणतो. सहा चाकं, एक हात आणि हाताच्या टोकाला तारेचा ब्रश, भिंगाचा कॅमेरा आणि ड्रिल. ब्रशने दगडावरची धूळ झाडायची, भिंगातून बघायचं, मग भोक पाडून आतली भुकटी पोटातल्या यंत्रात टाकायची. ती तपासली की दगड कशाचा ते कळतं. पण ड्रिल आता म्हातारं झालंय. इंजिनिअर म्हणतात, फार तर अजून एक भोक. मग तिथला हिवाळा येईल आणि गोगलगाय कायमची झोपेल.

ती उभी आहे त्या कड्यात दोन थर आहेत. वरचा फिकट, पातळ, सुरकुतलेला. खालचा काळपट आणि जाड. नावं मीच ठेवली, साय आणि खरवड. आता आमच्या मुख्यबाईसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने "खरवडीकडे बघायचंय का कोणाला?" असं विचारतात. कोणालाच नसतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हातारपण आलं तरी तुम्हा दोघींना दुधाचं पातेलं काही सुटत नाही." तुला आठवतंय ना, साय माझी आणि खरवड तुझी? मला तेव्हा वाटायचं मी तुला फसवलं.

साय म्हणजे तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ, हे मी गेली पंचवीसएक वर्षं सांगतेय, छापतेय, त्यावर भांडतेय. आकाशातून काढलेल्या एका धुरकट फोटोत ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी विद्यार्थिनी होते. नखाएवढी फिकट रेघ. तिथे संथ पाणी होतं, ताई, वारा पडलेल्या दिवसासारखं संथ. माझी सगळी कारकीर्द त्या रेघेवर उभी आहे, आणि शेवटचं भोक तिथेच पाडायचं हे ठरल्यासारखंच आहे.

अडचण आमच्यातल्याच एका गृहस्थांची आहे. त्यांना मी शंकासुर म्हणते. (तोंडावर नाही. एकदा चुकून तोंडावर.) त्यांचं म्हणणं, साय ही ज्वालामुखीची राख आहे, वाऱ्याने येऊन बसलेली. भिंगातून दोन्ही सारखेच दिसतात, कण इतके बारीक. ड्रिल न लावता जेवढं रसायन कळतं तेही तसंच मिळतंजुळतं. त्यांचं तोंड बंद करायला मला एक युक्ती सुचली आहे. ब्रश फिरताना त्याची मोटर किती वीज ओढते त्याची नोंद येते. दगड मऊ असला की मोटर एकसारखी गुणगुणते, कण टोचरे असले की अडखळते. गोगलगायीची जुळी बहीण इथे आमच्या वाळूच्या हॉलमध्ये उभी असते. एक गेली, एक राहिली. राहिलेलीच्या ब्रशखाली खऱ्या तळ्याचा दगड आणि खऱ्या राखेचा दगड धरला, की साय कोणासारखी गुणगुणते ते आपोआप कळेल.

इथले दगड शोभेचे आहेत, पॉलिश केलेले. भूगर्भशास्त्र शिकवता शिकवता तू कपाटात जमवलेस तसे दगड कुठेच नाहीत. हे कौतुक समजू नकोस, वस्तुस्थिती आहे.

पाठव. प्रत्येकावर नाव घालून.

तुझी (तूच ठेवलेल्या नावाने)
चोंबडी


२१ फेब्रुवारी

ताई,

दगड नाहीत, उत्तर नाही. पण आई तुझ्याकडे राहते हे तू विसरतेस. आपल्या घरात गुप्तहेर आहे.

मी फोनवर विचारलं, "माझं पत्र आलं का?" आई म्हणाली, "आलं. दोनदा वाचलं तिने. मग दगडांचं कपाट उघडून बसली. मग धाडकन बंद केलं."

"काही म्हणाली का?"

"म्हणाली, 'नावं घालून हवेत म्हणे बाईसाहेबांना.' आणि हसली."

"कशी हसली?"

"तशीच गं, नाकातून."

नाकातून हसलीस म्हणजे वाचलंस, आणि वाचलंस म्हणजे मागच्या पत्रात कुठे पाणी मुरतंय हे तुला कळलं असणार. तेव्हा खरं काय ते सांगते. शंकासुराचं नाव मी उगाच पुढे केलं. त्याची शंका जुनी आहे, तिची मला सवय झालीये, सांधेदुखीसारखी. ह्या वेळची शंका माझी आहे.

मी सात-आठ वर्षांची असेन. तू कॉलेजातून सुट्टीला आली होतीस, पाठीवर दगडांची पिशवी. अंगणाच्या पायरीवर बसून तू एका दगडाची कपची काढलीस आणि माझ्या तोंडात टाकलीस. "हळू चाव. समोरच्या दातांनी. कचकच लागते का?" मी म्हटलं, लागते. "मग हा साधा गाळ नाही, ह्यात टोचरे कण आहेत." मग दुसरी कपची दिलीस. ती लोण्यासारखी गेली. तू म्हणालीस, "ही चिकणमाती. इतके बारीक कण पाणी अगदी थांबलं की मगच खाली बसतात. म्हणजे तिथे तळं होतं." तळं! माझ्या तोंडात! आई आतून ओरडली, "काय खाताय गं दोघी?" आणि आपण एकदम म्हणालो, "दगड." त्या दिवसापासून मला ह्या धंद्याचं वेड लागलं. आणि एवढं वेड लागून मी निवडला तो ग्रह, जिथे माझी जीभ पोचत नाही.

तर आता ऐक. गोगलगायीने सायीवर ब्रश फिरवला होता, त्याची नोंद इथल्या एका इंजिनिअरबाईंनी गंमत म्हणून आवाजात बदलून दिली. मी हेडफोन लावले. छान एकसारखी गुणगुण, मला हवी होती तशी. मग मध्येच, कच. मी हेडफोन काढले, पुसले, पुन्हा लावले. कच. जरा वेळाने परत, कच कच.

बाकी सगळे आलेख बघतात. आलेखात ते साध्या गोंगाटासारखं दिसतं, कोणीही पुसून टाकेल. कान देऊन ऐकलंय फक्त मी. मी गप्प बसले तर कोणाला पत्ता लागणार नाही. ड्रिल सायीत जाईल, आणि राख निघालीच तर मी म्हणेन, चला, विज्ञानात असं होतंच. पण शेवटचं भोक तर वाया गेलेलं असेल ना. मंगळावर पाणी थांबलं होतं का, हे विचारायची एकच संधी आहे आणि ती माझ्या हातात आहे. मुख्यबाई म्हणाल्या, "तुमचा थर, तुमचा निर्णय. महिनाअखेरीपर्यंत नाही, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत सांगा." म्हणजे मार्च.

मला झोप लागत नाही असं नाही, चांगली लागते. पण जेवताना भातात खडा आला तरी मी दचकते.

दगड पाठव ना गं.

चोंबडी


१३ मार्च

ताई,

पार्सल मिळालं! आईच्या जुन्या मऊ कपड्यात गुंडाळलेले सहा दगड. कपड्याला अजून घरचा वास आहे. मी सगळं उलटंपालटं करून बघितलं. चिठ्ठी नाही. नावं नाहीत. प्रत्येकावर फक्त रंगाचा एक ठिपका.

अशी चिडले म्हणून सांगू! तीन वर्षांनी पार्सल पाठवतेस आणि त्यातही कोडं घालतेस? तुला फोन लावला. तू नेहमीप्रमाणे उचलला नाहीस. आईला लावला. आई म्हणाली, "मी विचारलं तिला, नावं का नाही घातलीस. ती म्हणाली, तिला कळेल. तुला नाही का कळलं?" आईने हे इतक्या काळजीने विचारलं की मला लाज वाटली.

मग कळलं. आधी चाख, मग नाव. विद्यार्थ्यांना तू हेच सांगतेस. नाव आधी कळलं की जीभ तेच सांगते जे डोक्याला हवं असतं. माझं डोकं पंचवीस वर्षं 'साय, साय' करतंय, आणि हे तुला तिथे बसून दिसलं. इथे मला कोणी सांगितलं नाही, कारण इथे सगळे मला मान देतात.

मी दगड घेऊन ऑफिसच्या चहाच्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं, चमच्याच्या दांड्याने कपच्या काढल्या आणि एकेक चावायला लागले. निळा ठिपका चावून झाला. पिवळा कसातरीच होता. लाल तोंडात धरून मी डोळे मिटले होते, तेवढ्यात दार उघडलं. शंकासुर! हातात रिकामा कप.

"काय खाताय?"

"दगड," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता हे गावभर होणार. तो म्हणाला, "मलाही द्या."

ताई, तो माणूस मुळात भौतिकशास्त्राचा. आयुष्यात त्याने कधी दगड तोंडात घातला नव्हता. मी त्याला तू मला शिकवलं होतंस तसं शिकवलं, समोरच्या दातांनी, हळू. लाल त्याने चावला आणि म्हणाला, "काही लागतच नाही. विरघळला." मग हिरवा दिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, हे तर दातांत कचकचतंय!"

"कचकचणारच," मी म्हटलं. "काचेचे कण आहेत. ही राख."

"खात्री?"

"माझ्या बहिणीच्या कपाटातली आहे."

त्याने नळाखाली दोनदा चूळ भरली. मग म्हणाला, "पण हे तुम्ही मला का दाखवताय? तुमच्या विरुद्ध जाईल." मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही." मग त्याला हेडफोन दिले.

उद्यापासून हॉलमध्ये जुळीच्या ब्रशखाली तुझे दगड.

चोंबडी


२८ मार्च

ताई,

साय राख आहे.

तुला एवढं एकच वाक्य लिहून पाकीट बंद करणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, पुरावा? म्हणून सविस्तर.

वाळूच्या हॉलमध्ये बुटांवर पिशव्या चढवून जावं लागतं, त्यामुळे सगळे बदकासारखे चालतात. आम्ही तिघं होतो, मी, शंकासुर आणि इंजिनिअरबाई. आधी लाल दगड. जुळीच्या ब्रशने तो असा गुणगुणत झाडला की ऐकत राहावं. मग हिरवा. गुणगुण, गुणगुण, कच. कच कच. सायीचा आवाज लगेच पुढे लावला. एकाच घरातल्या दोघींनी हाक मारावी इतका सारखा. पुन्हा केलं, दगड फिरवून केलं, ब्रश बदलून केलं. तेच.

मी रडले. लपवत नाही. बदकासारखी चालत कोपऱ्यात गेले आणि चांगली हमसून रडले. सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? माझं चुकलं ह्याचं नाही गं. तळंच गेलं. त्या फोटोतल्या रेघेवर मी मनातल्या मनात कितीदा जाऊन बसले होते, पाण्यात पाय सोडून. ते पाणीच नव्हतं. शंकासुर लांब उभा होता, त्याला काय करावं कळेना, शेवटी त्याने मला एक बुटाची पिशवी आणून दिली. रुमाल म्हणून.

नाक पुसता पुसता एक प्रश्न आला. चोंबडी आहे ना मी. सायीचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. खरवडीचा कोणी ऐकलाय का? जाता जाता गोगलगायीने तिच्यावरही ब्रश मारला होता, रंग बघायला. ती नोंद उघडलीसुद्धा नव्हती कोणी. काळी, जाड, करपल्यासारखी दिसते, तिच्यात कोणाला काय रस असणार! इंजिनिअरबाईंनी शोधून लावली.

गुणगुण. नुसती गुणगुण. आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली. एकही कच नाही, ताई. लोणी.

आणि मग मला असं हसू आलं की शंकासुर घाबरला. पातेल्याचा तळ कायम तुझ्या वाट्याला गेला आणि मी वर बसून साय चाटत राहिले!

काल मीटिंग झाली. मुख्यबाई म्हणाल्या, "तर मग साय?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "नाही. खरवड." असा गलका झाला! कोणीतरी म्हणालं, "पंचवीस वर्षं तुम्हीच सायीचं सांगताय आणि आज आवाज ऐकून पलटी मारताय?" मी म्हटलं, "हो." मग दोन्ही आवाज ऐकवले, दगड टेबलावर मांडले, सगळं मांडलं. मला वाटलं शंकासुर आता छाती फुगवणार. तो उठला आणि म्हणाला, "साय राख आहे हे मी म्हणत होतो. पण तिच्याखाली बघावं हे मला कधी सुचलं नाही. मी खरवडीच्या बाजूने आहे." तसा वाईट नाही तो.

मुख्यबाईंनी लाल ठिपक्याचा दगड उचलला. "हे दगड कोणाचे?"

"माझ्या बहिणीचे," मी म्हटलं. "आणि प्रश्नही तिचाच होता. तीन वर्षांपूर्वी विचारला होता तिने, मी टाळला."

तेव्हा तेही उत्तर देऊन टाकते. नाही, बाई, तो दगड मी चाखला नव्हता. विचारल्याबद्दल आभार.

आता ड्रिल टिकलं पाहिजे. खरवड कठीण निघाली तर वर साय गेली, खाली खरवड गेली, आणि माझ्या हातात रिकामं पातेलं. जीव टांगणीला लागलाय.

चोंबडी


१९ एप्रिल

ताई,

गेलं आत! ड्रिल दोनदा अडलं, इंजिनिअरबाईंनी देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले होते, मग हळूहळू गेलं. भोकाच्या कडेला भुकटी साठली तिचा फोटो आला. मंगळावर सगळं तांबडं, आणि ही राखाडी. आपल्या जुन्या पाटीच्या रंगाची. आम्ही खुर्च्यांवरून उठून पडद्याला नाक लावून बघत होतो. मुख्यबाईसुद्धा.

भुकटी यंत्रात गेली. उत्तर यायला वेळ लागला. मग आलं. चिकणमाती. भरपूर.

तिथे पाणी थांबलं होतं, ताई. खरंच थांबलं होतं. फक्त मी एक मजला वर शोधत होते.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या, शंकासुराने मला सगळ्यांसमोर विचारलं, "आता मला काय नाव ठेवणार?" म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ड्रिलने मान टाकली. गोगलगाय उन्हाकडे तोंड करून उभी केली आहे. हिवाळा सुरू झाला की ती बोलणार नाही.

लोक अभिनंदन करतात आणि मी हसते. पण घरी आले की टेबलापाशी नुसती बसते. इतकी वर्षं रोज उठून एका माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, 'बघ, आहे की नाही तळं, बघ.' ते माणूस तू होतीस. आता तळं सापडलं, आणि तू अजून गप्प. आई लहानपणी किती वैतागायची, 'कचकच बंद करा गं.' केली की बंद. तीन वर्षं झाली. तुझी ही शांतता अगदी लोण्यासारखी आहे, ताई, आणि ती माझ्या घशाखाली उतरत नाही.

दगड परत पाठवतेय, त्याच कपड्यात. कपडा धुतलेला नाही, मुद्दामच. ह्या वेळी एकेकावर नाव लिहिलंय, मला कळलं ते. चुकलं असेल तर ओरड. पण ओरड.

चोंबडी


४ मे
(पोस्टकार्ड, ताईचं)

चोंबडे,

दगड पोचले. सहापैकी पाच बरोबर. पिवळा चुकलास, तो चुनखडी, तेवढंही कळू नये? हिरव्याचा कोपरा तू उंदरासारखा कुरतडलायस, आणि त्यावर आणखी कोणाचे तरी मोठे दात आहेत. शंकासुरच ना? आईने पत्रं ऐकली, सगळी. तुझं रडणं मी वाचताना गाळलं, तिने ओळखलं आणि परत वाचायला लावलं.

सभागृहात मी थट्टा केली नव्हती. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता पुढचा प्रश्न. ती राख पडली तेव्हा तळ्यात पाणी होतं, की आधीच आटलं होतं? दोन्ही थर जिथे चिकटतात त्या रेघेचे फोटो असतील तुझ्याकडे. ते समोर घेऊन रविवारी फोन कर.

उचलते.

ताई